दात दुखत नसतानाच पहिली फेरी: लेकराची दातांच्या डॉक्टरची भीती घालवताना

आपल्याकडे लेकराची आणि दातांच्या डॉक्टरची पहिली गाठ पडते ती बहुतेक वेळा गालफड सुजल्यावर. रात्रभर रडून झालेलं असतं, दाढेत लवंग धरून झालेली असते, मेडिकलवरून गोळी आणून झालेली असते, आणि मग सकाळच्या एसटीनं तालुक्याला. लेकरू कळवळलेलं, आई-बाप जागरणानं वैतागलेले, दवाखान्यात ही गर्दी. अशा दिवशी डॉक्टर कितीही गोड बोलला तरी त्याचा हात लागला की दुखतंच. लेकराच्या डोक्यात ही खुर्ची म्हणजे दुखणं असं बसतं, आणि ते पुसायला पुढं वर्षं जातात.

म्हणून मुख्य सांगणं आधीच सांगून टाकते. पहिली फेरी दात दुखत नसताना करा. बाकीच्या सगळ्या युक्त्या याच्या मागून येतात. दुखणं आधीच सुरू झालं असेल तर काय करायचं, तेही खाली आहे.

“दुधाचेच दात, पडणारच की”

हे वाक्य घराघरांत ऐकू येतं आणि सगळा उशीर त्याच्यामुळं होतो. दुधाचे दात २० असतात. साधारण सहाव्या महिन्यापासून यायला लागतात, अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. पुढचे दात सहा-सात वर्षांचं झालं की हलायला लागतात हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. म्हणजे पाचव्या वर्षी किडलेल्या दाढेवर लेकराला अजून पाच-सात वर्षं भाकरी चावायची आहे. ती दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट राहत नाही.

दुसरी गफलत सहाव्या वर्षी होते. शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागं, एकही दात न पडता, एक नवी दाढ उगवते. ती पक्की असते आणि जन्मभरासाठी असते. दात पडला नाही म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात, आणि ती किडून जाते तेव्हा कुणाच्या गावीही नसतं.

पहिला दात आल्यावर सहा महिन्यांत, किंवा फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, एकदा दातांच्या डॉक्टरला दाखवावं असं बालदंततज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे वर्षाच्या लेकराला दाताच्या दवाखान्यात नेलं तर शेजारीण हसेल. हसू द्या. त्या वयाच्या तपासणीत खुर्चीसुद्धा लागत नाही. आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, लेकराची पाठ आईच्या मांडीवर, डोकं डॉक्टरच्या मांडीवर. दोन मिनिटांचं काम. लेकरू रडेल, पण त्याला आईचं तोंड दिसत असतं.

भीती घरातच तयार होते

“गप बसतोस का, नाहीतर डॉक्टरला सुई द्यायला लावते.” दवाखान्याचा धाक दाखवायचा आणि मग त्याच दवाखान्यात “घाबरू नको रे” म्हणायचं, हे लेकराला कसं पटावं? हा धाक आजपासून बंद, आणि घरातल्या सगळ्यांनी बंद. जेवत नाही म्हणून नाही, मोबाइल सोडत नाही म्हणूनही नाही.

पुढचं काम मोठ्यांच्या गोष्टींना लगाम घालायचं. मामाची अक्कलदाढ काढताना चार जणांनी कसं धरलं होतं, आजोबांचा दात कसा तुटला आणि किती रक्त गेलं, हे किस्से ओसरीवर रंगात येतात आणि कोपऱ्यात अभ्यास करणारं पोरगं कान देऊन ऐकत असतं. वरचा दात काढला की नजर जाते, हीही एक जुनी समजूत. दाताचा आणि नजरेचा तसा काही संबंध नाही. बाजारात बसून दातातला किडा काढून दाखवणाऱ्यांचा खेळ तर विसराच. दातात किडा नसतोच. गोड खाल्ल्यावर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि त्यानं दात पोखरतो. पण “तुझ्या दातात अळी आहे” हे ऐकलेलं लेकरू रात्री झोपत नाही, हे लक्षात घ्या.

आणि तुम्हालाच खुर्चीची धास्ती असेल तर? ती लपत नाही. तुम्ही हसत असलात तरी त्याचा हात धरलेली तुमची मूठ आवळलेली असते, आणि ते त्याला कळतं. अशा वेळी बरोबर दुसऱ्याला पाठवा. मावशी, काका, आत्या, ज्याला भीती नाही आणि ज्याच्यावर लेकराचा जीव आहे असं कुणीही. यात कमीपणा काही नाही. फक्त एकच जण जा. आई, बाप, आजी आणि दोन चुलत भावंडं असा गोतावळा घेऊन गेलं की प्रत्येक जण वेगळी सूचना देतो आणि लेकरू गोंधळून जातं.

कुठं न्यायचं

लहान मुलांच्या दातांचे वेगळे डॉक्टर असतात. बीडीएस ही दातांच्या डॉक्टरची पदवी झाल्यावर तीन वर्षं खास याच विषयात एमडीएस, म्हणजे पुढचं शिक्षण, करतात. पाटीवर ‘बालदंतरोगतज्ज्ञ’ किंवा ‘पेडोडॉन्टिस्ट’ लिहिलेलं असतं. जिल्ह्याच्या गावी ते मिळतात. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या दवाखान्यात ठरलेल्या वारी येऊन बसतात, तेव्हा वार विचारून जा. छत्रपती संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयाजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, लातूर आणि नांदेडलाही दंत महाविद्यालयं आहेत. तिथल्या बालदंत विभागात खर्च कमी लागतो. रांग असते आणि वेळ जातो, पण शिकणारे डॉक्टर एका लेकरामागं जेवढा वेळ देतात तेवढा गर्दीच्या खासगी दवाखान्यात क्वचितच मिळतो. भित्र्या लेकरासाठी मला ही जागा बरी वाटते.

आणखी एक सोय घराजवळच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं, त्यात दातही बघतात. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. घोळक्यात, मित्रांच्या पुढं-मागं उभं राहून तोंड उघडणं सोपं जातं.

जवळच्या साध्या दंतवैद्याकडं जायचं असेल तरी चालतं, पण आधी फोन करा आणि स्पष्ट विचारा: लहान मुलं बघता का, पहिल्या दिवशी नुसतं बघून सोडाल का, आई जवळ बसली तर चालेल का, रडलं तर काय करता? शेवटच्या प्रश्नाला “दोघं जण धरतो की” असं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना बघा.

वेळ सकाळची घ्या. लहान लेकरं झोप झालेली, पोट भरलेली असतात तेव्हाच ऐकतात. आठवडी बाजाराचा दिवस टाळा, त्या दिवशी अख्खा तालुका दवाखान्यात लोटलेला असतो. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी बाराची वेळ घेऊ नका. लातूर-परभणीच्या उन्हात भाजून आलेलं लेकरू खुर्चीवर बसण्याआधीच हरलेलं असतं.

चार-पाच दिवस आधी घरातली तालीम

फार आधी सांगू नका. तीन-चार वर्षांच्या लेकराला आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरे. मोठ्याला दोन-तीन दिवस आधी. तालीम मात्र सांगण्याआधीच, खेळ म्हणून सुरू करता येते.

लेकराला तुमच्या मांडीवर डोकं ठेवून उताणं झोपवा. मोबाइलची बॅटरी लावा, चमच्याची मागची बाजू घ्या आणि दात मोजा. मोठ्यानं मोजा, मध्येच मुद्दाम चुका: “सोळा, सतरा… अरे, एक दात कुठं गेला?” मग अदलाबदल. आता तुम्ही झोपा आणि त्याला तुमचे मोजू द्या. तुमच्या तोंडातलं सिमेंट त्याला दाखवा, “हे भरून घेतलं होतं, अजून टिकलंय” म्हणून सांगा. उताणं पडून, तोंड उघडं ठेवून, दुसऱ्याचा हात तोंडात चालू देणं हीच खरी अवघड गोष्ट असते. ती घरात सवयीची झाली की अर्धं काम झालं.

याच खेळात थांबायची खूण शिकवा: डावा हात वर केला की मोजणारा थांबणार. डावाच, कारण डॉक्टर बहुधा उजव्या बाजूला बसतो. आणि खेळात खरंच थांबा, दर वेळी थांबा. लेकराला हे कळलं पाहिजे की आपल्या हातात काहीतरी आहे. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरला ही खूण आधीच सांगून ठेवा.

काय बोलायचं, काय नाही

“काही दुखणार नाही” हे वाक्य टाळा. एक तर लेकराच्या मनात दुखण्याचा विषयही नसतो, तो तुम्ही काढता. दुसरं, चुकून दुखलंच तर तुम्ही खोटं बोललात हे त्याला कायमचं लक्षात राहतं. खाऊ आणायला जाऊ म्हणून निघायचं आणि दवाखान्याच्या दारात उतरायचं, ही तर फसवणूकच. एक वेळ साधेल, पुढच्या वेळी ते रिक्षात बसणार नाही.

खरं सांगा, पण थोडं सांगा. “डॉक्टर आपले दात मोजणार आहेत. छोटा आरसा असतो, त्यात बघतात. उजेडासाठी मोठा दिवा लावतात.” बस. पुढचं “मग काय करतात?” विचारलं तर “ते मलाही नीट माहीत नाही, आपण त्यांनाच विचारू” हे चांगलं उत्तर आहे. सुई, टोचणं, कापणं, रक्त, उपटणं हे शब्द आपल्या तोंडून नकोत. डॉक्टरांकडं स्वतःचे शब्द असतात: दात झोपवायचं औषध, पाण्याचा फवारा, वाऱ्याची फुंकर. तेच वापरू द्या.

खुर्चीवर

मुलांचा चांगला डॉक्टर ज्या पद्धतीनं काम करतो तिचे तीन टप्पे आहेत: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. ऐकायला साधं वाटतं, पण क्रम मोडला की सगळं फिसकटतं.

अंबाजोगाईत माझ्या भाचीला नेलं होतं, पाच वर्षांची. खुर्ची बघूनच ती माझ्या ओढणीत घुसली. डॉक्टर बाईंनी तिला बोलावलंच नाही. स्टूल ओढून आमच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “घरी दात मोजलेत का कुणी?”

“मावशीनं मोजले. वीस हाईत.”

“वीस? मला तर वाटतं एकोणीसच असतील.”

“वीसच हाईत!” आणि हे सिद्ध करायला तोंड उघडलं. मग बाईंनी वाऱ्याची नळी आधी स्वतःच्या तळहातावर सोडली, नंतर भाचीच्या अंगठ्याच्या नखावर. ती दचकली आणि हसली. “आता या फुंकरीनं एक दात वाळवायचा.” एकच दात वाळवला. पॉलिश करायचा मऊ ब्रशही आधी नखावरच फिरवला, मग पुढच्या दोन दातांवर. त्या दिवशी एवढंच झालं. किडलेली दाढ दिसत होती, पण तिला हात लावला नाही. आपल्यातले बरेच जण इथं कुरकुरतात, “एवढ्या लांबून आलो, नुसतं बघून पाठवलं.” कुरकुरू नका. ती मोकळी फेरी पुढच्या सगळ्या फेऱ्यांची किंमत कमी करते.

तुम्ही काय करायचं? गप्प बसायचं. पायाशी किंवा बाजूला बसा, त्याच्या पायावर हात ठेवा आणि सूचना एकट्या डॉक्टरला देऊ द्या. “तोंड उघड, उघड की, हलू नको, बघ कसं करतोय” असा मारा दोन्हीकडून सुरू झाला की लेकरू कुणाचंच ऐकत नाही. डॉक्टरनं तुम्हाला बाहेर थांबायला सांगितलं तर कारण विचारा. काही मोठी मुलं आई समोर नसताना जास्त ऐकतात हे खरं आहे. पण लहान लेकराला एकटं सोडायचं तुमच्या मनाला पटत नसेल तर तसं मोकळेपणानं सांगा.

रडणं म्हणजे बिघडलं असं नाही. रडत रडत तोंड उघडं ठेवणारी पुष्कळ लेकरं असतात. लाथा झाडणं, डोकं हलवणं, श्वास रोखणं सुरू झालं तर थांबायचं. आणि थांबताना एखादी सोपी गोष्ट पूर्ण करून थांबायचं, निदान चूळ भरून. हात-पाय झटकले की सुटका होते, असा धडा मिळायला नको.

दाढ भरायची किंवा काढायची असेल तेव्हा

भुलीच्या इंजेक्शनआधी हिरडीला बधिर करणारं जेल लावतात. त्याला काम करायला मिनिटभर तरी द्यावं लागतं, घाई करू देऊ नका. इंजेक्शन हळू दिलं की कमी दुखतं. त्या वेळी डॉक्टर सिरिंज लेकराच्या नजरेआडून आणतो. तुम्ही तिच्याकडं टक लावून बघू नका, लेकरू तुमचे डोळे बघत असतं. “थोडं चिमटल्यासारखं वाटेल, दहा म्हणेपर्यंत” असं सांगून दहा अंक एकत्र मोजायचे, आणि दहाला खरंच संपलं पाहिजे.

दर वेळी सुई आणि मशीन लागतंच असंही नाही, आणि हे फार कमी पालकांना माहीत असतं. दाढ ठणकत नसेल, कीड दाताच्या आतल्या शिरेपर्यंत गेली नसेल, तर विचारा: सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावता येईल का? नुसतं ब्रशनं लावायचं औषध आहे, बहुतेक वेळा कीड पुढं सरकायची थांबते. किडलेला भाग काळा पडतो आणि काळाच राहतो, पण मागच्या दुधाच्या दाढेला काळं काय नि गोरं काय. दुसरी सोय म्हणजे हॉल पद्धत: किडलेल्या दुधाच्या दाढेवर, न कोरता आणि न बधिर करता, स्टीलची तयार कॅप दाबून बसवतात. काही दिवस चावताना उंच लागते, मग बसते. प्रत्येक दाढेला हे चालत नाही, पण विचारायला काय हरकत आहे?

बधिरता उतरायला दोन-तीन तास लागतात. तेवढ्या वेळात लेकरू गंमत म्हणून ओठ चघळतं आणि दुसऱ्या दिवशी ओठ टम्म सुजून पांढरा पडतो. घरचे म्हणतात डॉक्टरनं काहीतरी बिघडवलं. बधिरता जाईपर्यंत खायला देऊ नका आणि परतीच्या प्रवासात त्याच्या तोंडाकडं लक्ष ठेवा.

घरी आल्यावर

“शहाणा मुलगा” यापेक्षा नेमकं सांगा: “पाण्याचा फवारा आला तेव्हासुद्धा तू तोंड उघडं ठेवलंस.” रडला असेल तरी एक तरी गोष्ट सापडतेच. भावंडांसमोर “हा किती रडला माहितीये का” म्हणून नक्कल करू नका, आणि “एवढा मोठा घोडा झाला” हेही नको. बक्षीस द्यायचं तर द्या, पण आधी कबूल करून नाही. “रडला नाहीस तर सायकल” म्हटलं की पुढं काहीतरी भयंकर आहे हे त्याला तिथंच कळतं. आणि बक्षीस चॉकलेटचं तर नकोच.

पुढची भीती टाळायची तर पुढची कीड टाळा. रात्री दात घासून झाल्यावर पाण्याशिवाय काही नाही, दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं नाही. चहात बुडवलेलं बिस्किट दिवसातून चारदा चिकटण्यापेक्षा एकदा जेवणानंतर गोड खाल्लेलं परवडलं. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, आणि सात-आठ वर्षांपर्यंत दात घासताना मोठ्यांचा हात. आजीच्या मिश्रीच्या डबीला मात्र लेकराचं बोट लागू देऊ नका, त्यात तंबाखू असते. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटसारख्या ज्या भागात बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथं पेस्टबद्दल डॉक्टरला विचारून घ्या. लेकराच्या दातांवर पांढरे-पिवळे पट्टे दिसत असतील तर तेही दाखवा.

दुखणं आधीच सुरू झालं असेल तर

तेव्हा तालमीला वेळ नसतो. हिरडीवर गोळी कुटून लावू नका, लवंगेचं तेल ओतू नका, दोन्हीनं तोंड भाजतं. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरला विचारून. ॲस्पिरिन मुलांना नाही. गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, यातलं काही दिसलं तर भीतीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वासाला त्रास होत असेल तर थेट मोठं रुग्णालय. अशा दिवशी लेकराला एवढंच सांगा: “आज थोडा त्रास होईल, मी इथंच आहे, आणि मग ठणका थांबेल.” त्यानंतर महिनाभरानं काहीही करायचं नसताना एक फेरी मुद्दाम करा, नुसतं डॉक्टरला भेटून यायला.

नऊ-दहा वर्षांच्या पोराला खेळ चालत नाही. त्याला भीतीपेक्षा रडण्याची लाज जास्त असते. त्याला एकट्याला डॉक्टरशी बोलू द्या, काय-काय होणार ते क्रमानं विचारू द्या, कानात गाणी लावू द्या.

आणि सगळं करूनही काही लेकरं खुर्चीवर टिकत नाहीत. स्वमग्न (ऑटिझम असलेली) असतील, फार लहान असतील, किंवा एकाच वेळी सात-आठ दातांचं काम असेल. त्यात त्यांचा किंवा तुमचा दोष नाही. नाकाच्या मास्कमधून हसवणारा वायू देऊन शांत करतात, त्यात लेकरू जागं असतं आणि बोलतं. तेही जमत नसेल तर पूर्ण भूल देऊन सगळे दात एकाच बैठकीत करतात. हे रुग्णालयातच, भूलतज्ज्ञ हजर असताना व्हायला हवं. आधी किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टर लिहून देतात, तो कागद घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, आजीला दोनदा. “लेकरू उपाशी कसं जाईल” म्हणून पहाटे कुणी घोटभर दूध पाजलं की पोटातलं श्वासनळीत जायचा धोका असतो. असं झालंच तर लपवू नका, भूल द्यायच्या आधी सांगा आणि दुसरी तारीख घ्या.